मशीन पाठवू नकोस, आधी पत्र वाच

केज तालुका, जि. बीड
होळीनंतरचा सोमवार

प्रिय चिमे,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण तुझा परवाचा फोन. सोसायटीतल्या बायकांनी वर्गणी काढलीय, तुमच्या बचत गटाला सहा शिलाई मशीन द्यायच्यात, पत्ता सांग, असं तू म्हणालीस. मी "थांब जरा" म्हणाले आणि नेमकी रेंज गेली. खरंच गेली, मी फोन कापला नाही. पण गेली ते बरंच झालं. घाईत मी तोंडदेखलं "पाठव की" म्हणून बसले असते.

मशीन नको, चिमे. गावात आधीच नऊ आहेत. त्यातल्या तीन चालतात, बाकीच्यांवर घड्या घातलेले कपडे असतात. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका गावात आहेत तेवढ्याच आहेत, मशीन वाढल्या म्हणून ब्लाउज वाढत नाहीत. पापडाचंही तसंच झालं. प्रत्येक गटानं पापड लाटायला घेतले, मग एकमेकींचे पापड एकमेकींनीच विकत घ्यायचे! मुंबईला महालक्ष्मी सरसला, म्हणजे बचत गटांच्या मालाच्या प्रदर्शनाला, आमच्या ग्रामसंघातल्या (गावातल्या सगळ्या गटांचा मिळून संघ) दोघी गेल्या होत्या. आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, आपला पापड कुणी हाती धरला नाही, शेवया मात्र दुसऱ्याच दिवशी संपल्या." तर शेवयांचं मी शेवटी लिहिते.

तू विचारलंस की तुमच्या गटानं नेमकं होतं तरी काय. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून हा कागद.

तुला चौथीचा वर्ग आठवतो? दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे व्हायचे, पोरं आईबापांमागे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जायची. गुरुजी हजेरी घेताना तीच तीच नावं वगळून पुढे जायचे. तिसऱ्या बाकावरची, लाल रिबिनीची, आपल्या दोघींच्या पाट्या पुसून द्यायची ती आठवते का? तिचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण हे पत्र तू सोसायटीत वाचून दाखवणार हे मला पक्कं माहीत आहे. तिच्याबद्दलच सांगायचंय. पण आधी गट.

आमच्याकडे गट ही काही नवी गोष्ट नाही. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेनं 1992 साली 500 गट बँकेला जोडून पाहायचे असं ठरवलं, तिथून हे सुरू झालं. 1999 ला स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. माझ्या सासूबाई त्या गटात होत्या. त्या योजनेत अनुदान होतं, त्यामुळे अनुदानासाठी गट व्हायचे आणि अनुदान हाती पडलं की फुटायचे. सासूबाईंच्या गटानं दोन म्हशी घेतल्या होत्या. त्या म्हशी कागदावर अजून दूध देत असतील. म्हणून 2014 साली वर्धिनी गावात आल्या तेव्हा सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आल्या परत."

वर्धिनी म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या, आमच्यासारख्याच बायका. स्वतः गटातून वर आलेल्या. राज्य सरकारच्या उमेद अभियानाकडून येतात, आणि पंधरा दिवस गावातच मुक्काम करून गट बांधतात. साहेब जीपमधून येऊन भाषण करून गेला असता तर आम्ही सतरंजीसुद्धा अंथरली नसती. पण यांच्यातली एक माझ्यासोबत भाकऱ्या थापत बसली आणि तिच्या नवऱ्याच्या दारूचं सांगायला लागली. त्यांनी मारुतीच्या पारावर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावला. कुठलं घर कुणाचं, कुणाला जमीन, कुणाचं छप्पर पत्र्याचं, कोण कारखान्याला जातं, कोण एकटी राहते. गावातली सगळ्यात गरीब घरं गावानंच दाखवायची, असा तो प्रकार. आम्ही दाखवली. तिचंही घर दाखवलं, लाल रिबिनीवालीचं. रांगोळीत पहिलं टिंब तिच्याच घराला दिलं.

आणि गट केला तेव्हा तिलाच वगळलं.

सांगते. आमचा गट अकरा जणींचा. आठवड्याला पंचवीस रुपये बचत. पंचसूत्री पाठ करून घेतली होती: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. तीन महिने ही पाळली की आपापसांत कर्जाला फिरवायला सरकारचा फिरता निधी मिळतो, आम्हाला 15,000 मिळाले. म्हणजे जी हप्ता चुकवील ती सगळ्यांना बुडवील, हे पहिल्या बैठकीतच आमच्या डोक्यात बसलं. तिला नवऱ्यानं टाकलेलं, पदरात पोरगी, शेत नाही. एक जण म्हणाली, "ती पंचवीस रुपये कुठून आणील?" दुसरी काही बोलली नाही, तिसरीही नाही. मी लिहिती-वाचती म्हणून वही माझ्याकडे. मी इतिवृत्तात लिहिलं: "सदर महिलेने सभासद होण्यास नकार दिला." चिमे, तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती वही अजून माझ्या पेटीत आहे.

एवढं शिस्तीचं नाव घेतलं, आणि पहिल्या वर्षी आमचीच काय गत झाली ते ऐक. अकरा जणी, पंचवीस रुपये, बावन्न आठवडे, हिशोबानं 14,300 जमायला हवे होते. पण सात जणी दसऱ्यानंतर कारखान्याला गेल्या त्या सहा महिने आल्याच नाहीत. पेटीत निघाले 9,750. वरिष्ठांना दाखवायला बैठकीच्या सह्या मात्र पूर्ण! तेव्हापासून आम्ही नियम मोडून नियम केला: जाणारीनं दसऱ्याआधी जमेल तेवढं पुढचं भरायचं, राहिलेलं परत आल्यावर. कागदावर तो अजूनही नियम नाही.

तुला पुण्यात ऊसतोड म्हणजे फक्त ट्रॅक्टरची रांग दिसत असेल. हिशोब असा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यात उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, समज लाखभर. 2024 सालच्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला. त्या दरानं लाख फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला, एकही खाडा केला नाही, कुणी आजारी पडलं नाही, तरी साडेचार महिने. म्हणजे हंगाम संपताना हातात काय, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल घ्यायची गरज. आणि उचल कशासाठी घेतात? लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, आणि सावकाराचे शेकडा पाचचे पैसे. 2019 साली आपल्या जिल्ह्यातल्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या, तू फोन करून विचारलं होतंस. त्या ऑपरेशनचा खर्चसुद्धा कित्येकींनी उचलीतूनच केला होता. दुखणं उसाच्या फडातलं, आणि औषधाचे पैसे फेडायला पुन्हा फडातच.

गटाचा खरा उपयोग मला इथं दिसला. पापडात नाही. आमचं अंतर्गत कर्ज महिन्याला शेकडा दोन. तू म्हणशील वर्षाला चोवीस टक्के झाले की! झाले. पण ते व्याज आमच्याच पेटीत येतं. पुढे बँकेचं कर्ज मिळालं ते सात टक्क्यांनी, तीन लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर आणखी तीन टक्के सूट. श्रावणात पोराला ताप आला आणि गटातून दोन हजार मिळाले, तर मुकादमाच्या दारात जावं लागत नाही. श्रावणात गेली नाही तर दसऱ्याला बांधली जात नाही. अर्जावर मात्र सगळ्या "शेळीपालन" असंच लिहितात. मी पण लिहिलंय. माझी पहिली शेळी म्हणजे धाकट्याचा चष्मा.

हे सगळ्यांचं झालं असं मात्र नाही हं. सात जणींपैकी तिघींनी कारखाना सोडला, दोघी आलटून पालटून जातात, दोघी अजून दरवर्षी. शिवाय आता गावात हप्तेवाल्या कंपन्यांची पोरं मोटारसायकलवर येतात. त्यांच्या कर्जालाही बायका "गटाचे पैसे" म्हणतात. एकीनं एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं काढलं आणि दुसऱ्याचा भरायला आमच्याकडून मागितलं. दोन्ही कर्जं घेताना "ठराव" नावाची गोष्टच नव्हती, सह्या आणि फोटो, संपलं. आमच्यात निदान "कशाला हवेत?" असं विचारणाऱ्या दहा जणी असतात. त्या विचारण्याचा मागणारीला राग येतो, मला पण यायचा.

आता ती, लाल रिबिनीवाली. एकट्या बाईला टोळीत अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्या कोयत्याला उचल कमी, आणि मुकादम सहजी घेतही नाही. म्हणजे बघ, ज्या कर्जाला आपण शिव्या देतो तेसुद्धा तिला धड मिळत नव्हतं, आणि आमच्या गटातही जागा नव्हती. पोरगी गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवून ती भावाच्या टोळीमागून जायची. शाळेत पाट्या पुसायची तशी तिथं सगळ्यांचा स्वयंपाक करायची.

2018 च्या उन्हाळ्यात माझी थोरली जाऊ बैठकीत उठून म्हणाली, "माझी एक पाठ, तरणी शेळी, तिला अर्धलीनं देते. पंचवीस रुपयांचं नंतर बघा." अर्धली आठवते ना? शेळी मालकाची, सांभाळ तिचा, पिल्लं निम्मी निम्मी. आपल्या आज्यांच्या काळापासूनची रीत. सरकारी वहीत तिला रकाना नव्हता. ती पाठ उस्मानाबादी, काळीभोर. ही जात बहुतेक वेळा जुळं देते. पहिल्या वेतात दोन पाठी झाल्या, एक जावेकडे, एक तिच्याकडे. ग्रामसंघाकडे अडीअडचणीसाठी वेगळा निधी असतो, त्यातून तिला धान्याला आणि पोरीच्या वह्यांना थोडे पैसे दिले, नाहीतर तिनं पाठ मोठी व्हायच्या आत विकली असती. दुसरं वेत झालं आणि एका सोमवारी ती बैठकीला आली. पदराच्या गाठीतून पंचवीस रुपये काढले. सुटे होते, मोजायला वेळ लागला. मी वहीत तिचं नाव लिहिलं तेव्हा माझा हात नीट चालेना.

नंतर एका प्रशिक्षणात सरांनी सांगितलं की बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेनं 2002 सालापासून हेच केलं. जे इतके गरीब की बचतीच्या गटातसुद्धा बसत नाहीत, त्यांना आधी जनावर द्यायचं, काही महिने खायची सोय करायची, दोन वर्षं कुणीतरी घरी जाऊन विचारपूस करायची, आणि मग बचत. सहा देशांत पडताळून पाहिलं, 2015 साली त्याचा निकाल छापून आला, बहुतेक ठिकाणी फरक टिकला होता. बिहारनं 2018 मध्ये अशाच घरांसाठी सतत जीविकोपार्जन योजना काढली. मी मागच्या बाकावरून जावेला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "मग मला बोलवायचं की शिकवायला."

गोड गोड समजू नकोस. मागच्या पावसाळ्यात तिच्या दोन शेळ्या आंत्रविषारानं एका रात्रीत गेल्या. कोवळा चारा खाऊन आल्या, पोट फुगलं, सकाळी आडव्या. लस द्यायची राहिली होती. आमच्या पशुसखीकडे (गावातल्या जनावरांची लस-औषधं बघणारी बाई) लस गार ठेवायला धड डबा नव्हता, तालुक्याहून आणलेल्या कुप्या उन्हात वाया गेल्या होत्या. ती शेळ्यांजवळ बसून राहिली, रडली नाही. दसऱ्याला कोयता बाहेर काढते की काय असं आम्हाला वाटलं. नाही काढला. तीन शेळ्या आणि पोरगी अशी यंदा गावातच राहिली. पुढच्या वर्षाचं तीही सांगत नाही, मी पण विचारत नाही.

आता टोळ्या परत यायला लागल्यात. काल रात्री दोन ट्रॅक्टर उतरले, पोरं झोपेतच उचलून घरात नेली.

तर तुझ्या वर्गणीचं. लस ठेवायचे चांगले डबे, बर्फाच्या पट्ट्यांसकट, दोन घेऊन दे. खरेदीची पावती पशुसखीच्या नावानं कर, माझ्या नावानं नको. उरलेले पैसे देऊ नका, त्याच्या शेवया घ्या. गव्हाच्या, हातावरच्या. भाव आम्ही ठरवू, घासाघीस चालणार नाही, आणि पैसे माल पोचल्यावर आठ दिवसांत. मागे शहरातल्या एका मंडळानं कुरडया नेल्या आणि पैशासाठी दिवाळीपर्यंत फोन करायला लावले. पाकिटावर "गरीब महिलांनी बनवलेल्या" असलं काही छापू नका. ती म्हणाली, चांगल्या झाल्यात असं लिहा म्हणावं.

तू येणार असशील तर सोमवारी ये, बैठक दुपारी तीनला असते. उशिरा येणारीला पाच रुपये दंड, पाहुणीलासुद्धा. तिला सांगितलंय तू येशील म्हणून. तिनं विचारलं, "पाट्या पुसायला लावायची तीच ना?" मी म्हटलं, दोघीही लावायचो.

शेवया किती किलो ते या आठवड्यात कळव. एप्रिलच्या उन्हातच वाळतात, एकदा आभाळ आलं की पीठ भिजवता येत नाही. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
बाकावरची डावी