तामालेच्या कंटेनरमागच्या सगळ्यांना थँक्यू

अमेरिकेतलं लुईव्हिल आणि घानामधलं तामाले १९७९ पासून सिस्टर सिटी, म्हणजे मैत्रीचं नातं जोडलेली शहरं आहेत. इथून तिकडे दवाखान्यांसाठी दान केलेल्या सामानाचा कंटेनर जातो, पण हे नातं खरं चालवणारे लोक कुठल्याच फोटोत नसतात म्हणून हे लिहितेय. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ ला कल्पना मांडली की लोकांनीच लोकांशी मैत्री करावी, छानच, पण प्रत्यक्षात ती म्हणजे गोडाऊनमध्ये उभं राहून ग्लोव्हज, कॅथेटर, टाक्यांचे दोरे यांची एक्स्पायरी बघत बसणं. ते न कंटाळता करणाऱ्या सगळ्या रिटायर्ड नर्सताईंचे आधी आभार.

मग दवाखान्याची मशीन तपासणारे ते मशीनवाले काका. नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. इथे अमेरिकेत वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, घानात २३० आणि ५०, त्यामुळे ते प्रत्येक मशीनची प्लेट वाचायचे आणि जे तिकडे चालणार नाही, ज्याचे पार्ट मिळणार नाहीत ते सरळ बाजूला काढायचे, देणारा कितीही रुसला तरी. (भंगार दान म्हणून पाठवू नये हे माझं ठाम मत.)

घानातल्या तेमा बंदरात कंटेनरचे कागद सोडवणारे, तिथून उत्तरेला ६०० किलोमीटरच्या वर ट्रक नेणारे ड्रायव्हर, आणि तामालेतल्या त्या स्टोअरवाल्या ताई ज्यांनी आमची यादी खोडून, आधी आम्हाला विचारत जा असं स्पष्ट सुनावलं, त्यांचे तर डबल आभार. पाहुण्यांना टुओ झाफी, म्हणजे साधारण आपल्या उकडीसारखं, भेंडीच्या सुपाबरोबर पोटभर वाढणाऱ्या घरांचेही. पुढची यादी तुम्हीच करा हो, आम्ही भरतो.