भरघोस की चिवट? : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. जनुकं हवी तशी घालता येतात, तर भरघोस पिकणारं आणि दुष्काळालाही न जुमानणारं वाण अजून का निघत नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की झाडाला जगायचं असतं आणि आपल्याला दाणे हवे असतात. पाण्याची ओढ बसली की झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही त्याच वाटेने आत येतो, म्हणून अन्न तयार होणं मंदावतं.

जपानी शास्त्रज्ञांनी 'ड्रेब१ए' हे जनुक अरेबिडॉप्सिस या रोपट्यात कायमचं चालू ठेवलं. (बिचाऱ्या या रोपट्यावर काय काय प्रयोग होतात!) रोपं दुष्काळ, खार, गारठा सोसू लागली, पण खुरटली. मग १९९९ साली त्यांनी या जनुकाला असा प्रमोटर (जनुक कधी चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) जोडला की ताण पडल्यावरच ते जागं व्हावं. खुरटणं बरंच कमी झालं. मला तर सगळी मेख या वेळ साधण्यातच दिसते.

भाताचंच बघ. पुरात बुडालेलं साधं भात पाण्याबाहेर डोकं काढायला उंच वाढायचा आटापिटा करतं आणि साठवलेली साखर उधळून बसतं. ओडिशातल्या 'एफआर१३ए' या जुन्या वाणात 'सब१ए' जनुक ही वाढ रोखून धरतं, त्यामुळे सुमारे दोन आठवडे बुडूनही भात पुन्हा फुटतं. २००६ साली हे जनुक सापडलं. 'स्वर्णा' वाणात मात्र ते संकरानेच आणलं, प्रयोगशाळेत जनुक घालून नव्हे. पूर आला नाही तर उत्पन्न मूळ स्वर्णाइतकंच, हे मला सगळ्यात आवडलं.

आता जनुक-संपादनाचं, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करण्याचं, वारं आहे. मे २०२५ मध्ये भारताने असे दोन भात जाहीर केले. त्यातल्या 'पुसा डीएसटी राइस १' मध्ये बाहेरचं जनुक न घालता भाताचंच 'डीएसटी' जनुक निकामी केलंय, खार आणि अवर्षण सोसावं म्हणून. चार-पाच हंगाम शेतकऱ्यांच्या रानात निघाल्याशिवाय मी तरी टाळ्या वाजवणार नाही.

बीटी कापसाचं मुद्दाम लिहीत नाही. तिथे अळ्याही बदलत जातात, ते प्रकरण लांबलचक आहे, पुढच्या पत्रात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश