बाबा, शिट्टी कुठल्या डब्यात आहे?

कोलंबस, इंडियाना
8 फेब्रुवारी

ती. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळे ठणठणीत आहोत. हे फोनवरच सांगायचं होतं. पण तीन रविवार झाले, मी तोंड उघडते, आई विचारते "काय केलं होतंस आज?" आणि गाडी आमटीवरून पुढे सरकत नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही जूनमध्ये कायमचे परत येत नाही आहोत. बंडूची बारावी होईपर्यंत, म्हणजे अजून तीन वर्षं, इथेच राहायचं ठरलंय. डिसेंबरातच ठरलं, घराचा करारही वाढवून झाला. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतं मला. पण बाबा "तुमच्या सोयीने करा" म्हणाले असते आणि ते ऐकून मी तिकिटं काढून मोकळी झाले असते.

कारणं खूप आहेत. आता तिकडे आणलं तर त्याला थेट दहावीत बसवावं लागेल, आणि मराठीच्या पेपरात तो काय लिहील हे आई, तुला पत्रांवरून ठाऊक आहे. माझ्या हातातलं इंजिनाचं काम आणखी दीड वर्ष तरी संपत नाही. जावईबापूंचं तेच. ही सगळी कारणं खरी आहेत. पण रात्री झोप येत नाही तेव्हा ह्यांतलं एकही आठवत नाही. आठवतं ते हे, की बंडू शाळेच्या बास्केटबॉलच्या संघात गेलाय.

हसू नका. नववीच्या मुलांचा संघ, आणि त्यातही आपला हिरो बाकावर. आत्तापर्यंत सगळे मिळून आठ-दहा मिनिटं खेळला असेल. पण सामन्याच्या आदल्या रात्री बूट उशाशी ठेवून झोपतो. कोण करायचं असं, सांगा बघू.

बास्केटबॉल म्हणजे इथे काय, हे मला दहा वर्षं राहूनही नीट कळलं नव्हतं. ह्या राज्यात न्यू कॅसल म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेच्या बंदिस्त मैदानात आठ हजारांवर माणसं बसतात. जवळजवळ निम्मं गाव! 1954 साली मिलान नावाच्या खेड्यातल्या शाळेने, मुलं जेमतेम 161, मन्सीच्या मोठ्या शाळेला 32–30 असं हरवून राज्याचं अजिंक्यपद घेतलं. त्या शेवटच्या बास्केटची गोष्ट इथले म्हातारे अजून सांगतात.

मागच्या शनिवारी आम्ही तिघांनी 'मेडोरा' नावाचा माहितीपट पाहिला. 2013चा आहे. मेडोरा आमच्यापासून मोटारीने तासाभराच्या आत, मागे तुम्हाला लाकडी छपराच्या लांबलचक पुलाचा फोटो पाठवला होता ना, 1875चा पूल, ते गाव. तेव्हा पूल बघून आम्ही तसेच परत फिरलो होतो. गाव सातशेच्या आसपास वस्तीचं. विटांचा कारखाना बंद, मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग करणारा कारखानाही बंद. हायस्कुलात शंभराच्या आत मुलं. आणि बास्केटबॉलचा संघ असा, की आदल्या मोसमात एकही सामना जिंकलेला नाही. 1997 पासून इथे शाळांचे आकारानुसार चार गट केलेत, मेडोरा सर्वांत लहान गटात, तरीही ही गत.

बाबा, तुम्ही असता तर शेजारी बसून प्रत्येक पासला "अरे, बघ ना!" ओरडला असता. प्रशिक्षक पोलिसातली नोकरी सांभाळून मुलांना शिकवतात. विश्रांतीच्या वेळी खोलीत चिडतात, ओरडतात, आणि मग एकदम गप्प होतात. ते गप्प होणं मी ओळखते. शाळेची पोरं घेऊन खो-खोच्या सामन्यात एका डावाने हरून आलात तेव्हा एस.टी.त तुम्ही असेच खिडकीबाहेर बघत होतात. विंझरच्या थांब्यावर मात्र सगळ्या पोरांना उसाचा रस पाजलात, आणि मला त्यांच्या आधी दिला नाहीत म्हणून मी घरापर्यंत रडले. हाताला लागलेली फक्की तुम्ही माझ्या फ्रॉकला पुसली होती, तेही लक्षात आहे हां.

त्या माहितीपटातली मुलं मला अजून सोडत नाहीत. एकाची आई दारू सोडवायला उपचार घेतेय आणि पोरगं मित्राच्या घरी राहतंय. एकाने वडिलांना कधी पाहिलेलंच नाही. सामना हरला की ह्या मुलांना परतायला जे घर आहे ते असं. आजूबाजूच्या लहान शाळा केव्हाच मोठ्या शाळांत मिसळून गेल्या, मेडोराचे लोक मात्र आमची शाळा आमचीच म्हणून अडून बसलेत. पैसा नाही, मुलं नाहीत, संघ हरतोय, तरी शाळा हवी. शाळा गेली की गावाचं नाव घेऊन कोण ओरडणार?

मी हिशेबाची बाई, मला आधी वाटलं, वेडे आहेत. मग आठवलं, आपल्या शाळेत पाचवीची एकच तुकडी उरली तेव्हा तुम्ही सुट्टीत सायकलवरून वाडीवाडीत जाऊन मुलं गोळा करत होतात. आणि गेली दोन वर्षं मी तुम्हाला पुण्यात फ्लॅट घेऊन देते, लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे, असं ऐकवत राहिले. बाबा, तो विषय मी आता काढणार नाही. भोर सोडायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. (आई, तुझं मत वेगळं असेल तर मला एकटीला सांग.)

मेडोराची पोरं जिंकतात का ते मुद्दाम सांगत नाही. मेमध्ये आले की एकत्र बघू.

हो, मेमध्ये येतेय. 9 तारखेचं तिकीट काढलंय, मी एकटी, पुरे चार आठवडे. आणि आता रागावून लिहिते. बाबा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन "जूनमध्ये पोरं आली की करू" म्हणून तुम्ही लांबवलंय, हे आईने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. आता लांबवायचं नाही. डॉक्टरांकडून 12 मेनंतरची तारीख घ्या, थेंब मी घालीन. तोवर अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, मैदानावर सामना असला तरी नाही. रक्तदाबाची गोळी सकाळीच, चहाच्या आधी, आणि आई, ती घेतली का हे डबी उघडून बघायचं, विचारायचं नाही. न्हाणीघरातला दांडा सुतार ह्या आठवड्यात बसवून जाईल, पैसे पाठवलेत, त्याच्याशी घासाघीस करू नका. पोळ्यांच्या मावशींना मार्चपासून दोन्ही वेळा सांगितलंय. "दोन माणसांच्या पोळ्यांना कशाला बाई" हे मला ऐकायचं नाही. माळ्यावर चढायचं नाही. काहीही काढायचं असलं तरी नाही.

आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी वरची खोली, बंडूसाठी रंगवून घेतलेली, तशीच राहू दे. तो सुट्टीत येईल तेव्हा तिथेच झोपणार आहे, मीही येईन तेव्हा तिथेच. इथे बर्फ पडायला लागला की मी अजून तुझी जुनी सुती गोधडी वर घेते, खाली दोन महागड्या रजया असल्या तरी. गोधडीचा तो तेलाचा वास म्हणजे नक्की कुठलं तेल, तेवढं लिहून पाठव. इथे मिळत नाही.

आणि एक. बंडूला तुमची शिट्टी हवी आहे, लाल दोरीची. फोटोत बघितल्यापासून मागे लागलाय. संघाच्या सरावाला कोण वाजवू देणार त्याला शिट्टी, पण हवी. बहुतेक माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात असेल. तुम्ही चढू नका. फक्त कुठल्या डब्यात ते सांगा, मी आल्यावर काढते.

तुमची,
ताई