पान छापलं की डाळ ऑरगॅनिक होते का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा सूनबाईबरोबर एका मॉलमधे किराणा घ्यायला गेले होते. तूरडाळीची दोन पाकिटं, एक १६० ला किलो, दुसरं २४०. तिनं सरळ महागाचं उचललं. का गं? तर म्हणे आई, नॅचरल आहे, हिरवं पान बघा ना. मी चष्मा लावून उलटंसुलटं करून पाहिलं, पान होतं, हसरा शेतकरी होता, ऑरगॅनिक मालावर असतो तो सरकारी जैविक भारतचा लोगो मात्र कुठ्ठे नाही. ती म्हणते हा हिरवा ठिपका आहे की! अगं तो शाकाहारीचा, तूरडाळ काय मांसाहारी असते?

पण तिला कशाला हसू, नातू झाला तेव्हा मीही असंच महागडं घ्यायला लागले, तेव्हा जमिनीचा-पाण्याचा विचार नव्हता हो, बाळाच्या पोटात फवारा जाऊ नये एवढंच. आमच्या भिशीतही तेच, कोणाकडे लहान मूल, कोणाला शुगर, कोणाला शेजारणीनं सांगितलं. पर्यावरणासाठी घेते म्हणणारी अजून एक भेटायचीये. आणि महिनाअखेर आली की आधी तेच बंद होतं.

२०१७ च्या नियमाप्रमाणे ऑरगॅनिक म्हणून पाकीट विकायचं तर एनपीओपी नाहीतर पीजीएस, या दोनपैकी एका सरकारी योजनेचं सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावर तो लोगो. गंमत म्हणजे छोटा शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकतो त्याला सर्टिफिकेटची सूट आहे, म्हणजे आमच्या कॉलनीत सांवेर गावाकडून गहू घेऊन येतो तो बिचारा बिनलोगोचा खरा असू शकतो आणि पान छापलेलं पाकीट खोटं. त्याच्याकडून आम्ही घेतो ते तोंडओळखीवर, चार वर्षं येतोय, पोळ्या चांगल्या होतात, बस.

त्याच २०१७ मधे आपलं इंदूर स्वच्छतेत पहिल्यांदा पहिलं आलं. रोज दारात गाडी, रोज तेच गाणं, ओला-सुका डोक्यात इतका बसला की आमचा नातूसुद्धा केळ्याचं साल बरोबर डब्यात टाकतो. लोगो कोणी असा शिकवलाच नाही, पाकिटावर असतो तोही मोहरीएवढा. तुम्ही तुमच्या पेपरात एकदा मोठा छापा ना, शेजारी शाकाहारीचा ठिपकाही छापा, कापून फ्रिजवर लावीन.

ती डाळ? घेतली शेवटी. बिलाच्या लायनीत सुनेशी कोण वाद घालणार.

आपली एक वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर