पफबॉलचे जुने वर्गीकरण

महोदय,

अळंबीविषयीच्या लोकप्रिय लेखनात पफबॉल, अर्थस्टार आणि अर्थबॉल या गोलसर अळंब्यांना आजही ‘गॅस्टेरोमायसीट्स’ या एकाच वर्गात बसवले जाते, याची खंत वाटते. बीजाणू बंद आवरणाच्या आत पिकतात, एवढ्याच साम्यावर तो वर्ग उभा होता. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या तुलनेतून असे स्पष्ट झाले की, ही रचना वेगवेगळ्या शाखांत अनेकदा आणि स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. त्यामुळे लायकोपर्डॉन व बोव्हिस्टा हे खरे पफबॉल बटण मशरूमच्याच अगॅरिकेल्स गणात आले, तर स्क्लेरोडर्मा हा अर्थबॉल बोलेटेल्समध्ये आणि जिएस्ट्रम हा अर्थस्टार त्याहून दूरच्या जिएस्ट्रेल्समध्ये गेला.

हा भेद केवळ अभ्यासकांपुरता नाही, आणि माझा आग्रह त्यासाठीच आहे. कोवळा पफबॉल उभा कापला तर आतून पांढराशुभ्र असतो; स्क्लेरोडर्माची साल जाड असते, त्याचा गर लवकरच जांभळट काळा पडतो आणि तो विषारी आहे. त्याहून घातक म्हणजे अमॅनिटा या अळंबीच्या काही जातींची गोलसर कोवळी अवस्था: बाहेरून ती पफबॉलच भासते, पण छेद घेतल्यावर आत टोपी, कल्ले (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) आणि देठ यांची रेषा उमटलेली दिसते.

यापुढे अशा लेखांत प्रत्येकाचा गण स्वतंत्रपणे नोंदवावा आणि बाह्यरूपासोबत उभ्या छेदाचे छायाचित्रही छापावे, ही विनंती.

एक वाचक