परदेशात टिप कुठे द्यायची, किती, आणि कुठे मुळीच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग बहाराची संत्री मार्चपर्यंत तुटून जातात आणि आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातून परदेशी निघणाऱ्यांची गडबड सुरू होते. कुणी ह्यूस्टनला किंवा न्यू जर्सीला मुलीच्या बाळंतपणासाठी, कुणी मुलाकडे सहा महिने राहायला, कुणी गटाने सिंगापूर-दुबई किंवा युरोपला. व्हिसा, विमा, गोळ्यांची चिठ्ठी, बॅगेचे वजन यांची चौकशी दहादा होते. टिपची कुणी करत नाही, कारण ती आपल्याला मर्जीची गोष्ट वाटते. मन झाले तर दहा-वीस रुपये ठेवले, नाही तर नाही. या समजापायी आपली साधी, भली माणसे एका देशात कष्टकऱ्याची मजुरी बुडवून येतात आणि दुसऱ्या देशात नको तिथे पैसे पुढे करून समोरच्याला संकोचात टाकतात. म्हणून जरा तपशिलाने लिहीत आहोत.

टिपमागे त्या त्या देशाची मजुरीची रीत असते. आपल्याकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, वर्षभराचा आकडा त्याला ठाऊक असतो. कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र किलोमागे मजुरी, जेवढे वजन तेवढे पैसे. जपानमधला वेटर सालगड्यासारखा, अमेरिकेतला वेचणाऱ्या बाईसारखा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःकडून २.१३ डॉलर दिले तरी चालते. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत तर उरलेले मालकाने घालायचे, असा नियम आहे. टेक्सासमध्ये हेच आकडे लागू आहेत. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन या राज्यांत वेटरलाही राज्याचे पूर्ण किमान वेतन द्यावे लागते, तरी टिपची रीत तिथेही तीच. शिवाय कित्येक हॉटेलांत वेटरने आपल्या विक्रीवर ठराविक टक्के भांडी उचलणाऱ्याला आणि बारवाल्याला द्यायचे असतात. आपण काहीच न ठेवता उठलो तर तो वाटा त्याच्या खिशातून जातो. ‘बारा डॉलर म्हणजे हजाराच्या वर रुपये, नुसते वाढायचे?’ असे मनात येते खरे. पण रुपयात गुणायचेच असेल तर जेवणाची किंमत मागवण्याआधीच टिप आणि कर धरून गुणा.

आता बिल. समजा ह्यूस्टनमध्ये बसून जेवलात. जेवण ६४ डॉलर, त्यावर ८.२५ टक्के कर ५.२८, एकूण ६९.२८. टिप ६४ वर काढायची, कराच्या आकड्यावर नाही. १८ टक्के धरले तर ११.५२, २० टक्के धरले तर १२.८०. म्हणजे १२ डॉलर लिहिले की रास्त झाले. बसून जेवणाला १५ टक्क्यांच्या खाली जाणे म्हणजे सेवा आवडली नाही असे सांगणे. कूपन किंवा सवलत मिळाली असेल तर टिप मूळ किमतीवर धरतात, कारण वाढण्याचे काम तेवढेच झालेले असते. सहा-आठ जणांचा गट असेल तर १८ टक्के किंवा अधिक आधीच बिलात टाकलेले असू शकतात. ‘ग्रॅच्युइटी’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’ या शब्दांची ओळ आहे का ते आधी पाहा, नाही तर दुप्पट जाईल.

कार्डाची पद्धतही आपल्यापेक्षा वेगळी. वेटर बिल एका छोट्या फाइलमध्ये आणून ठेवतो, कार्ड घेऊन आत जातो आणि दोन चिठ्ठ्या घेऊन परत येतो. एकीवर ‘मर्चंट कॉपी’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘कस्टमर कॉपी’. मर्चंट कॉपीवर टिपच्या ओळीत १२.००, खाली एकूणच्या ओळीत ८१.२८, मग सही. ही चिठ्ठी टेबलावर ठेवायची आणि दुसरी आपल्यासोबत न्यायची. घोळ होतो तो इथेच. आपली माणसे कस्टमर कॉपी भरतात, कोरी मर्चंट कॉपी ठेवतात आणि निघून येतात, त्यामुळे वेटरला काहीच मिळत नाही. टिप रोख देणार असाल तर टिपच्या ओळीत आडवी रेघ मारा आणि एकूणच्या ओळीत ६९.२८ लिहा, ओळ कोरी ठेवू नका. बँकेचा पहिला संदेश ६९.२८ चा येतो आणि एक-दोन दिवसांनी रक्कम ८१.२८ होते. पैसे दोनदा कापले म्हणून घाबरून गावाकडे फोन करू नये. आधी फक्त अडवून ठेवलेली रक्कम असते, टिप चढली की खरी रक्कम वळती होते. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करायला मात्र विसरू नका.

कॉफीच्या किंवा आइस्क्रीमच्या काउंटरवर पडदा फिरवून समोर धरतात, त्यावर १८, २०, २५ टक्के अशी चौकोनी बटणे असतात. उभ्याने घेतलेल्या वस्तूला टिप बंधनकारक नाही. ‘नो टिप’चे बटण तिथेच कुठेतरी बारीक अक्षरांत असते, ते दाबायला लाजू नका. घरी जेवण आणून देणाऱ्याला ३ ते ५ डॉलर, टॅक्सीला १५ टक्क्यांच्या आसपास, बॅग खोलीपर्यंत नेणाऱ्याला बॅगमागे १-२ डॉलर. हॉटेलात राहिलात तर खोली आवरणाऱ्या बाईसाठी रात्रीमागे २ ते ५ डॉलर, तेही रोज सकाळी. कारण आज आवरणारी बाई उद्या सुट्टीवर असू शकते, आणि शेवटच्या दिवशी ठेवलेले सगळे पैसे भलतीलाच मिळतात. नोट उशीवर ठेवून जवळ ‘थँक यू’ लिहिलेला कागद असू द्या. नुसती नोट दिसली तर पाहुणा विसरला असे समजून ती हात लावत नाही.

आणखी एक खास आपल्याकडची सवय. आहेराच्या पाकिटाला रुपयाचे नाणे चिकटवलेले असते, वर एक असल्याशिवाय रक्कम आपल्याला शकुनाची वाटत नाही. त्या भावनेने दहा डॉलरवर एक सेंटचे नाणे ठेवू नका. अमेरिकेत टेबलावर उरलेला एकटा सेंट म्हणजे ‘तुझे काम वाईट’ असा निरोप समजतात. शकुन पाळायचाच असेल तर अकरा डॉलर द्या.

व्हीलचेअरबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आमच्या भागातून जाणारे बरेचसे साठी-सत्तरीतले असतात आणि इंग्रजीची धास्ती असल्याने मुले व्हीलचेअर नोंदवून ठेवतात. ही सेवा विमान कंपनीकडून विनामूल्य असते. पैसे मागण्याचा ढकलणाऱ्याला हक्क नाही, आणि दिले नाहीत म्हणून तो तुम्हाला मध्येच सोडू शकत नाही. अमेरिकेत मात्र ५ डॉलर देण्याची रीत आहे. रांगा फार असतील, बॅगाही उतरवून दिल्या असतील तर १०. युरोपात काही द्यायची गरज नाही. हे ५ डॉलर वरच्या खिशात वेगळे ठेवा. कंबरेच्या पिशवीतून शंभरच्या नोटांची गड्डी सगळ्यांसमोर काढणे बरे नव्हे. नागपूरहून डॉलर घेताना बहुधा शंभराच्या नोटा हातात पडतात, म्हणून आग्रहाने काही वीस-दहाच्या मागा, आणि तिकडे पोचल्यावर पहिल्याच खरेदीत वीसची मोडून एकच्या नोटा करून घ्या.

आता जपान. तिथे टिप नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वेटर ‘विसरलात’ म्हणून रस्त्यापर्यंत धावत येतो. बिल भरताना पैसे हातात न देता काउंटरवरच्या छोट्या तबकात ठेवायचे, सुटे येनन्‌येन परत मिळतात. टॅक्सीचे मागचे दार चालकच उघडतो-लावतो, त्याला हात लावू नये. जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल धन्यवाद, म्हटले की समोरच्याची आनंदाने मान लवते. अपवाद एकच, जुन्या पद्धतीची र्‍योकान ही निवासस्थाने. तिथे खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईला सुरुवातीलाच १००० ते ३००० येन द्यायची जुनी प्रथा आहे, पण तीही पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. उघडी नोट हातात देणे असभ्य मानतात. आहेर पाकिटातूनच देणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. चीन, दक्षिण कोरिया इथेही टिपची रीत नाही.

सिंगापूरला मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे दिसतात, त्यांना ‘प्लस प्लस’ म्हणतात. पहिले १० टक्के सेवा शुल्क आणि दुसरे त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. म्हणजे १०० चे आधी ११०, मग ११९.९०. त्यावर वेगळी टिप नको. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या अनेक गाळ्यांच्या एकत्र जागेत, टिप नाहीच, पण जेवल्यावर ट्रे उचलून रॅकवर ठेवणे २०२१ पासून सक्तीचे आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांना बिलात आपोआप सेवा शुल्क लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ते ऐकून काही जण सिंगापुरातही ‘सर्व्हिस चार्ज काढा’ म्हणून वाद घालतात. तो नियम भारतापुरता आहे. इंग्लंडमध्ये मात्र बिलात टाकलेले १२.५ टक्के ऐच्छिक असतात, नम्रपणे सांगितले तर काढून देतात. तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपमधून मालकाने काही कापून घेणे बेकायदा झाले आहे, तेव्हा पैसे कामगाराला पोचतात की नाही ही शंका ठेवू नका. फक्त १२.५ टक्के भरल्यावर कार्डाच्या मशीनने पुन्हा टिप विचारली तर ‘नो’ म्हणा.

फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच असतात, वरचे एक-दोन युरो ठेवले तरी पुरे. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ दिसेल. ती टिप नसून टेबल आणि पावासाठीचा माणशी आकार आहे, त्यावर भांडण नको. जर्मनीत ५ ते १० टक्के देतात, पण टेबलावर ठेवून नाही, पैसे देतानाच आकडा बोलून. बिल २७.४० असेल तर ‘तीस’ म्हणायचे, बाकीचे तो परत करतो. इथे एक फसगत ठरलेली. पन्नासची नोट देताना सवयीने ‘दांके’, म्हणजे धन्यवाद, म्हटले तर ‘सुटे राहू द्या’ असा अर्थ घेतला जाऊ शकतो. सुटे हातात पडल्यावर धन्यवाद म्हणा.

दुबईत सेवा शुल्क बिलात आहे का पाहावे. नसेल तर १० टक्के, बॅगवाल्याला ५ दिरहम. थायलंडला २० बाथची हिरवी नोट बहुतेक कामांना पुरते, मालिश करणाऱ्या बाईला ५० ते १००. एक बाथची नाणी चुकूनही देऊ नयेत, तो अपमान वाटतो. कुठेही भारतीय नोटा टिप म्हणून देऊ नका, त्या माणसाला त्या बदलून घेणे जड जाते. घरचा चिवडा-लाडू प्रेमाने द्या, पण टिपच्या बदल्यात नाही.

युरोपच्या बससहलीत चालक आणि गाइड यांची टिप बहुधा माणशी रोजच्या हिशेबाने वेगळी घेतात. ती पॅकेजच्या किमतीत धरली आहे की वरून द्यायची, हे कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. तालुक्याच्या गावी बुकिंग घेणाऱ्या सर्व एजंटांना विनंती आहे की ही ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत, रकमेसह लिहून द्यावी. दहाव्या दिवशी बसमध्ये पाकीट फिरते तेव्हा लोकांना लुटल्यासारखे वाटते आणि राग बिचाऱ्या चालकावर निघतो. चालकाला जास्त पैसे देऊन आणखी एखादे ठिकाण दाखवायला लावण्याचा प्रयत्नही करू नये. युरोपियन संघात त्याने दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदाच १० तास बस चालवायची, असा कायदा आहे आणि गाडीतले यंत्र प्रत्येक मिनिट नोंदवते. त्यापेक्षा गंभीर म्हणजे विमानतळावर इमिग्रेशन किंवा कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे ‘चहापाणी’ धरणे. तो लाच देण्याचा गुन्हा आहे, आणि त्यातून मुलाच्या व्हिसापर्यंत अडचण येऊ शकते.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही घडते. ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा किंवा पेंचच्या सिल्लारी भागात वाघ पाहायला येणारे परदेशी पाहुणे जिप्सीचालकाला आणि गाइडला आपापल्या रीतीने टिप देतात, आणि पुष्कळदा ती युरो-पौंडांच्या नाण्यांत असते. इथे बँका आणि पैसे बदलून देणारे परदेशी नाणी घेत नाहीत. दोन युरोचे नाणे दिसायला भारी, पण गाइडच्या घरी ते डब्यातच पडून राहते. एक डॉलरची नोट बदलायलाही गाव सोडून शहरात जावे लागते. रिसॉर्टमालकांनी खोलीत इंग्रजीतून एक छोटी पाटी लावावी. टिप द्यायची असल्यास रुपयांत द्यावी, परदेशी नाणी इथे चालत नाहीत, आणि स्वागतकक्षात सुटे रुपये मिळतील, एवढे त्यावर लिहावे. आणि ते सुटे खरोखरच तिथे ठेवावेत.

आपले,
परदेश प्रवासाची कागदपत्रे करून देणारे काही वाचक,
वरुड, जि. अमरावती