बोक्याची लघवी अडली तर एक तासही थांबू नका

संपादक साहेब,

आमचा बोका मागच्या महिन्यात सारखा लिटर बॉक्समधे (त्याच्या शी-शूच्या ट्रेमधे) जाऊन बसायचा, जोर लावायचा, ओरडायचा आणि थेंबभर पण यायचं नाही, आम्हाला वाटलं पोट साफ होत नसेल म्हणून आख्खा दिवस वाट बघितली. ती चूक दुसऱ्या कोणी करू नये म्हणून हे पत्र. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते, तिथे खडे नाहीतर चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्री घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधे त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो, काय घालमेल झाली ते माझं मलाच माहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी कॅथेटर, म्हणजे लघवी मोकळी करायची बारीक नळी, घातला, वाचला बिचारा.

मांजर मुळात पाणी कमीच पितं, त्यात आम्ही नुसतं कोरडं फूड द्यायचो. आता ओलं फूड, उकडलेल्या चिकनचं पाणी पण मीठ-कांदा-लसूण न घालता, कारण कांदा-लसूण त्यांना विषारी असतो. आणि प्लीज, अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

ठाण्यात रात्री उघडे असणारे प्राण्यांचे दवाखाने कुठे कुठे आहेत त्याची यादी तुम्ही छापलीत तर खूप उपकार होतील.

– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे